सहप्रवाशाचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात शिक्षक-पालक सभेपुढे दिलेले व्याख्यान)





या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाच्या प्रश्नांवर बोलले जाते. मुलांची गळती, दहावीचा निकाल, मुलींचे पुढील शिक्षण, वसतिगृहाची अडचण हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु चिटणीस साहेबांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला एक विषय मी मुद्दाम निवडला. त्याची परीक्षा मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला एस.टी.त किंवा लोकलमध्ये कधी ना कधी द्यावीच लागते. प्रवासात कोणी कोणाला त्रास देत असेल, धमकावत असेल, मारत असेल, तर बघणाऱ्याने मध्ये पडावे की नाही? आणि पडायचे तर हात उचलावा की नाही?

उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. या परीक्षेत मी स्वतः नापास झालेलो आहे.

नोकरीला लागून मला चार-पाच वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. तालुक्याच्या गावाहून संध्याकाळच्या गाडीने मी परतत होतो. मांडीवर घटक चाचणीचे पेपर होते. माझ्यापुढे तीन बाके सोडून आमच्याच शाळेची दहावीतली एक मुलगी बसली होती. तिच्या बाकाला टेकून दोन तरुण उभे होते. गाडीत जागा असूनही ते तिथेच उभे होते. एकजण वाकून काहीतरी बोलत होता, दुसरा हसत होता. मुलगी खिडकीकडे सरकत सरकत पार पत्र्याला चिकटली होती. एकदा तिने मागे वळून पाहिले. तिने मला ओळखले, हे मला कळले. आणि मी काय केले? मी मान खाली घातली आणि पुढचा पेपर तपासायला घेतला.

शेवटच्या बाकावर मासे विकून घरी चाललेली एक म्हातारी होती. ती रिकामी टोपली घेऊन उठली, डुलत डुलत पुढे आली आणि त्या मुलीला म्हणाली, "सरक गो बाय, मला बसू दे." बसल्यावर तिने टोपली त्या दोघांच्या पायाशी ठेवली आणि मोठ्याने हाक मारली, "ओ मास्तर, ह्यांची तिकिटं बघा जरा! कुठं उतरायचंय ह्यांना?"

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. मला शाळेत मास्तर म्हणतात. त्या हाकेने मी जो दचकलो, तो आजतागायत. कंडक्टर आला, त्याने घंटीची दोरी ओढली, गाडी थांबली आणि ते दोघे मुकाट्याने उतरले. मारामारी झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. सगळा प्रकार दोन मिनिटांत संपला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात आली. तिने कोणाकडे तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून तिने मला शंका विचारणे बंद केले. चांगली हुशार मुलगी होती. रोज दोन-तीन शंका विचारणारी. मला त्याहून मोठी शिक्षा कोणी दिली नसती.

मित्रहो, मी का उठलो नाही? मी याचा पुष्कळ विचार केला. मी भित्रा आहे, एवढे म्हणून सुटका होत नाही. त्या वेळी माझ्या मनात काय काय आले ते सांगतो. कदाचित ते तिचे नातेवाईक असतील. गाडीत आणखी पंचवीस माणसे आहेत, त्यांना काही वाटत नाही, म्हणजे विशेष काही नसावे. त्यांच्या खिशात चाकू असला तर? उद्या गावात मास्तरांची मारामारी म्हणून बोभाटा झाला तर? या सर्व सबबी मला तेव्हा शहाणपणाच्या वाटल्या होत्या.

पुढे वाचनात आले की या सबबींचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. १९६४ साली मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा तिच्या राहत्या इमारतीजवळ खून झाला. अडतीस शेजारी खिडक्यांतून पाहत राहिले आणि कोणी हलले नाही, असे तेथील वर्तमानपत्राने छापले. ही हकीकत जगभर गाजली. त्यानंतर १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलणाऱ्यांपैकी एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी शेकडा ८५ जणांनी तो प्रसंग संपण्यापूर्वी मदतीसाठी धाव घेतली. आणखी चारजण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी फक्त ३१ टक्के वेळेवर उठले. माणसे तीच, पण जबाबदारीचे पाच वाटे झाले आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही. एस.टी.तल्या पंचवीस माणसांत माझी जबाबदारी अशीच हरवली होती.

परंतु ही गोष्ट इथे संपत नाही. १९६४ च्या त्या घटनेची पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा अडतीस जणांनी सर्व काही पाहिले ही गोष्ट फुगवलेली होती असे दिसून आले. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून दटावले होते, आणि त्या ओरडण्याने हल्लेखोर खरोखरच पळाला होता. पण कोणी खाली उतरले नाही, म्हणून तो थोड्या वेळाने परत आला. शेवटी एक शेजारीण जिवाची पर्वा न करता धावली आणि त्या मुलीला तिने मरताना कुशीत घेतले. या सत्य हकीकतीत माझ्या मते मूळ कहाणीपेक्षा मोठा धडा आहे. आवाजाने माणूस पळतो. पण आवाज दिल्यावर पुढचे पाऊलही टाकावे लागते.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्याच भुयारी रेल्वेत झालेला आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चालत्या डब्यात एक माणूस मुद्दाम कोसळून पडे. हातात काठी असलेला आजारी माणूस पडला तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा लोक आपण होऊन धावले. दारूचा वास येणारा माणूस पडला तेव्हा ३८ पैकी १९ वेळाच धावले. आणि अगदी अलीकडे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंड, हॉलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील तीन शहरांच्या रस्त्यांवरील कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणे तपासली गेली. दहापैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी निदान एकाने तरी मध्ये पडून काहीतरी केले होते. म्हणजे जगात माणुसकी संपली असे रडगाणे गाण्याचे कारण नाही. माणसे मदत करतात. मात्र काय घडते आहे ते उलगडले पाहिजे आणि कोणीतरी पहिला उठला पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. उठावे हे खरे, पण हात उचलावा का? मी तुमच्यापुढे चार प्रसंग ठेवतो.

पहिला प्रसंग मुंबईचा. ऑगस्ट २००२ मध्ये रात्रीच्या लोकलमध्ये, डब्यात पाच सहप्रवासी असताना, एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला. करणारा एक होता, बघणारे पाच. तिथे पाचांनी मिळून त्याला धरले असते, तर जगातील कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोष दिला नसता. हात न उचलणे हाच तिथे गुन्ह्यासारखा अपराध ठरला.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील पोर्टलंड शहराचा, २६ मे २०१७ चा. दुसऱ्या दिवशी रमजान सुरू व्हायचा होता. शहराच्या रेल्वेत एक माणूस दोन मुलींवर ओरडू लागला. त्यांतील एकीच्या डोक्यावर हिजाब होता. तीन प्रवासी मध्ये पडले. त्या माणसाने चाकू काढला. दोघे प्राणास मुकले, तिसरा जखमी होऊन वाचला. हे तिघेही मुसलमान नव्हते आणि त्या मुली त्यांच्या ओळखीच्याही नव्हत्या. त्यांच्यापुढे आपली मान झुकलीच पाहिजे. पण झुकलेल्या मानेनेही हे लक्षात ठेवावे लागते की मध्ये पडणाऱ्याला समोरच्याच्या खिशात काय आहे ते दिसत नाही.

तिसरा प्रसंग पुन्हा न्यूयॉर्कचा, १ मे २०२३ चा. भुयारी रेल्वेत एक बेघर, मनोरुग्ण माणूस मोठ्याने ओरडत होता. आपण उपाशी आहोत, तहानलेले आहोत, आता मरणाचीही पर्वा नाही, अशा अर्थाचे तो बोलत होता. लोक घाबरले होते. त्याने कोणावर हात टाकला नव्हता. एका माजी सैनिकाने त्याला मागून गळ्याला धरून खाली पाडले. गाडी स्थानकात थांबली, दारे उघडली, घाबरलेल्यांना उतरता आले, तरी काही मिनिटे ती पकड सुटली नाही. तो माणूस मेला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने त्या सैनिकाला दोषमुक्त केले. कायद्याचा निकाल लागला. पण मेलेला माणूस परत आला नाही.

चौथा प्रसंग आपल्या महाराष्ट्रातील, आणि मला तो सर्वांत भयंकर वाटतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले भटक्या जमातीचे पाचजण तिथे एस.टी.तून उतरले. त्यांतील एकजण एका लहान मुलीशी बोलला म्हणे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. हे मारणारे लोक स्वतःला काय समजत होते? ते स्वतःला मुलीचे रक्षक समजत होते! संकटात मध्ये पडणारे शूर नागरिक समजत होते! कोणीतरी एकाने "तुम्ही कोण, कुठले?" एवढा प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेतले असते, तर पाच घरे उजाड झाली नसती.

तेव्हा मित्रहो, "मध्ये पडा" एवढे सांगणे पुरेसे नाही. हातावर हात ठेवून बसणे हे पाप, आणि न विचारता हात चालवणे हेही पाप. या दोन्हींच्या मध्ये वाट आहे, आणि ती त्या मासेवाल्या म्हातारीने मला दाखवली. तिने आधी काय केले? ती त्या मुलीजवळ जाऊन बसली. त्या तरुणांशी ती एक अक्षर बोलली नाही. नंतर तिने आवाज दिला, आणि तो नुसता हवेत न सोडता ज्याच्याकडे अधिकार होता त्याला नेमका दिला. पाण्यात उतरण्यापूर्वी काठी टाकून पाहतात, तसे तिने केले.

हाच क्रम मी आता आमच्या मुलांना शिकवतो. पहिली गोष्ट, पीडिताच्या शेजारी जाऊन उभे राहा. "ताई, तुम्हाला काही त्रास होतोय का? आमच्याकडे येऊन बसता का?" एवढे विचारा. ते नातेवाईक असतील की काय ही शंका या प्रश्नानेच फिटते. दुसरी गोष्ट, आवाज द्या, आणि माणूस निवडून द्या. "कोणीतरी काहीतरी करा" म्हटले की कोणीच काही करीत नाही. "निळ्या सदऱ्यातले काका, तुम्ही इकडे या. ताई, तुम्ही फोन लावा," असे म्हटले की वाटून विरळ झालेली जबाबदारी पुन्हा एकाच्या हातात येते. तिसरी गोष्ट, ज्याचे काम आहे त्याला हाक मारा. एस.टी.त कंडक्टर आहे. रेल्वेसाठी १३९ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. लोकलमध्ये बहुधा काही मिनिटांत पुढचे स्थानक येते, तिथे फलाटावर पोलीस आणि शेवटच्या डब्यात गार्ड असतो, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. धोक्याची साखळी पुरेशा कारणाशिवाय ओढली तर शिक्षा आहे. पण कोणाच्या जिवावर किंवा अब्रूवर बेतले असेल, तर यापेक्षा पुरेसे कारण ते कोणते?

आणि चौथी गोष्ट हात. हात शेवटी आणि नाइलाजाने. पहिल्या तीन गोष्टी करायला उसंतच नसेल, कोणाच्या शरीरावर प्रत्यक्ष हल्ला होत असेल, तेव्हा हात घालावाच लागतो. मात्र शक्यतो एकट्याने नाही. तिघा-चौघांनी मिळून धरावे. शस्त्र दिसले तर झडप घालण्यापेक्षा पीडिताला दूर ओढावे, दार मोकळे करावे, मध्ये एखादी बॅग धरावी. सोडवणे आणि धरून ठेवणे एवढेच आपले काम. शिक्षा देणे आपले काम नाही. ज्या क्षणी समोरचा माणूस निपचित झाला किंवा पळू लागला, त्या क्षणी आपला हात खाली आला पाहिजे. लोकलमध्ये पाकीटमार सापडला की ज्याचे पाकीट गेलेले नाही तोही दोन ठोसे लगावून घेतो. ही बहादुरी नव्हे. घरचा आणि ऑफिसचा राग काढण्याची ती स्वस्त जागा आहे.

आपला कायदाही हेच सांगतो. स्वतःच्या शरीराइतकाच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क जुन्या भारतीय दंड संहितेच्या ९७ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३५ व्या कलमात आहे. परंतु त्याला ३७ व्या कलमाची मर्यादा आहे. बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा, जास्त नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. हे आमच्या मुलांना माहीत नसते. "मध्ये पडलो तर पोलीस आपल्यालाच धरतील" एवढेच त्यांनी ऐकलेले असते, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच तोंडून ऐकलेले असते.

यानंतरची एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. ती म्हणजे साक्ष. गाडी थांबली, गुंड पळाला, की सगळे आपापल्या घरी जातात. पीडित माणूस पोलीस ठाण्यात एकटा उरतो. मारामारी करण्याचे धैर्य सर्वांना नसते, पण "होय, मी पाहिले" असे म्हणून नाव-पत्ता देण्याचे धैर्य साठ वर्षांच्या पेन्शनरलाही असू शकते.

आपल्या धर्मात वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने बदलावी, ते जमत नसेल तर जिभेने, आणि तेही जमत नसेल तर निदान मनाने तिचा धिक्कार करावा, अशी शिकवण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मनाने धिक्कार करणे ही त्यात सर्वांत खालची पायरी सांगितली आहे. आपण मात्र त्या पायरीवर सतरंजी अंथरून बसलो आहोत.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला, त्याच्याजवळील डब्यात गोमांस आहे या संशयावरून, तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. त्याचे चित्रण सर्व देशाने पाहिले. ते पाहून आपल्या मोहल्ल्यात संताप झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. डब्यातील कोणी त्या म्हाताऱ्यासाठी का उठले नाही, असे प्रत्येकजण विचारत होता. मीही विचारले. पण विचारता विचारता मला माझे एस.टी.तले बाक आठवले. मी तरी कुठे उठलो होतो? दुसऱ्यांनी आपल्यासाठी उठावे असे वाटत असेल, तर आपणही दुसऱ्यांसाठी उठले पाहिजे, आणि उठताना समोरच्याचे नाव विचारता कामा नये. पोर्टलंडच्या त्या तिघांनी ते विचारले नाही. आमच्या मासेवाल्या आजीनेही विचारले नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा डब्यात उठून उभा राहिला, तर तो मुसलमान म्हणून नव्हे, सहप्रवासी म्हणून उभा राहिला पाहिजे.

शेवटी एक-दोन सूचना. आपण कवायत घेतो, आगीच्या वेळी वर्गाबाहेर कसे पडावे हे शिकवतो. मग वर्गात चार बाके एस.टी.सारखी मांडून हाही प्रसंग मुलांकडून करून का घेऊ नये? एकाने त्रास द्यायचा, एकीने शेजारी येऊन बसायचे, एकाने कंडक्टरला हाक मारायची. पहिल्यांदा मुले हसतात. तिसऱ्या खेपेला हसत नाहीत. तोंडातून मोठा आवाज काढण्याचीसुद्धा सवय लागते. मोठ्या माणसांसमोर बोलू नये असे शिकवून आपण तो घशातच दाबून टाकलेला असतो. विशेषतः मुलींना तो परत मिळाला पाहिजे. आणि पालकांना विनंती, की घरून निघताना मुलाला "कोणाच्या भानगडीत पडू नकोस" हे वाक्य सांगणे बंद करा. "पडलास तर शहाणपणाने पड" असे सांगा.

ती मुलगी त्या वर्षी दहावी चांगल्या गुणांनी पास होऊन पुढे गेली. निरोप समारंभात सगळी मुले भेटून गेली, तीही भेटून गेली. तिची क्षमा मागावी असे मनात होते, पण तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आज एवढ्या लोकांसमोर तो फुटला आहे. या सभेत तिच्या गावची मंडळी बसली आहेत. कोणी तिला हे सांगितले तर मला बरे वाटेल.



जय हिंद, जय महाराष्ट्र.